गरोदरपणातली जळजळ ‘उन्हाळी’ म्हणून अंगावर काढू नका

मुंबईत सोसायट्यांच्या आणि महिला मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: गरोदर बाईला लघवीला जळजळ होते ती उन्हाळी, धने-जिऱ्याचं पाणी प्या, त्रास नसेल तर लघवीचं कल्चर (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्याची तपासणी) म्हणजे लॅबची कमाई, आणि अँटिबायोटिक बाळाला मारक. तिन्ही मुद्दे तपासू.

‘उन्हाळीच आहे.’ मुंबईच्या उकाड्यात पाणी कमी पडलं की लघवी गडद होऊन चुरचुरते, हे खरं. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल प्या. पण त्याने लघवी पातळ होते, जंतू मरत नाहीत. मेडिकलमधून आणलेलं सायट्रेटचं सायरपही लघवीची आम्लता कमी करून फक्त जळजळ शमवतं. बरं वाटतं, संसर्ग तसाच राहतो. शिवाय नायट्रोफ्युरँटोइन हे या संसर्गावर नेहमी दिलं जाणारं अँटिबायोटिक आम्लधर्मी लघवीत जास्त प्रभावी असतं. म्हणून त्याच्या जोडीला हे सायरप मनाने घेऊ नये.

‘त्रास नाही, मग कल्चर कशाला?’ संदेशातली सर्वांत घातक ओळ ही. शंभरातल्या साधारण २ ते १० गरोदर स्त्रियांच्या लघवीत जंतू असतात आणि लक्षण एकही नसतं. एरवी अशा जंतूंना बहुधा औषध लागत नाही, गरोदरपणात लागतं. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढतं गर्भाशय त्यांना दाबतं, लघवी साचते आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. गर्भाशय उजवीकडे कलत असल्याने उजव्या कुशीत दुखणं जास्त दिसतं. मूत्रपिंडाचा संसर्ग झाला तर दाखल होऊन शिरेतून औषध घ्यावं लागतं, अकाली प्रसूतीचा धोकाही वाढतो.

जुन्या अभ्यासांत लघवीत जंतू असून उपचार न झालेल्या गरोदर स्त्रियांपैकी पाव ते एक तृतीयांश जणींना मूत्रपिंडाचा संसर्ग झालेला दिसला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात हे प्रमाण फक्त २.४ टक्के निघालं. हा आकडा पुढे करून तपासणी सोडणं चूक आहे. त्या अभ्यासात एकच गर्भ असलेल्या, मधुमेह नसलेल्या, कमी जोखमीच्या स्त्रियाच होत्या. आणि तिथेही जंतू नसलेल्या स्त्रियांत प्रमाण ०.६ टक्के, म्हणजे चौपट फरक. जागतिक आरोग्य संघटना जंतू सापडल्यास ७ दिवसांचं औषध सुचवते.

पट्टीची तपासणी, म्हणजे लघवीत रंग बदलणारी पट्टी बुडवून पाहणं, कल्चरची जागा घेत नाही. पट्टीवर नायट्राइट हे जंतूंनी तयार केलेलं रसायन दिसायला लघवी मूत्राशयात सुमारे ४ तास थांबावी लागते, आणि गरोदर बाई तासातासाला जाते. पट्टी ‘निगेटिव्ह’ येते, जंतू असतात.

कल्चर फसतं ते बहुतेकदा नमुन्यामुळे. साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार निर्जंतुक डबीत घ्या, डबीच्या आतल्या कडेला हात लावू नका. नमुना २ तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा. कलेक्शन सेंटरवर सकाळी दिलेली डबी संध्याकाळपर्यंत उकाड्यात पडली, तर बाहेरून आलेले जंतू वाढून आकडा फुगतो. म्हणून ‘नमुना किती वाजता उचलणार?’ हे आधी विचारा. अहवालात मिश्र जंतू आणि भरपूर एपिथेलियल (त्वचेच्या आवरणाच्या) पेशी असतील तर नमुना पुन्हा द्या. आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी नमुना दिल्यानंतरच. उलटं झालं की कल्चर कोरं येतं आणि कोणतं औषध लागू पडेल ते कळत नाही.

‘अँटिबायोटिक बाळाला मारक.’ काही औषधं टाळतात, हे खरं: सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात शक्यतो देत नाहीत, ट्रायमेथोप्रिम पहिल्या तिमाहीत टाळतात, नायट्रोफ्युरँटोइन दिवस भरत आल्यावर. म्हणूनच घरातली उरलेली गोळी घेऊ नका, केमिस्टला महिना न सांगता औषध मागू नका. सेफॅलेक्सिन, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी हे पर्याय वर्षानुवर्षं वापरात आहेत. निवड कल्चर पाहून डॉक्टर करतात. नायट्रोफ्युरँटोइनने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते. तिला घाबरून कोर्स मधेच सोडू नका.

कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करा. अहवालात ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ हा जंतू आला असेल तर तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा, कारण कळा सुरू झाल्यावर आईला शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या यांतलं काही सुरू झालं तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.