डासाचं नाव काढू नका

बचत गटातून कडुनिंबाचं तेल बाटल्यांत भरून विकायचं घाटतंय? जरूर विका. खोबरेलात थोडं निंबोळीचं तेल घाला, वास मारायला थोडा कापूर टाका, माल तयार. पथ्य एकच: हे तेल कशासाठी आहे, ते गिऱ्हाइकाला अजिबात कळू देऊ नका.

बाटलीवर 'डास जवळ येत नाहीत' असं छापलंत की ओसरीवर बसून तेल गाळणाऱ्या काकू संपल्या. आता तुम्ही 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालच्या उत्पादक. फाइल घेऊन फरिदाबाद गाठा. तिथल्या केंद्राच्या कीटकनाशक नोंदणी समितीला रसायनशास्त्र, परिणामकारकता, विषारीपणा आणि पॅकिंग या सगळ्याचे कागद वेगवेगळे लागतात. 'आमच्या आजीच्या काळापासून लावतात' याला तिथे अहवाल म्हणत नाहीत.

आजीची आठवण म्युनिकच्या युरोपीय पेटंट कार्यालयात मात्र चालते. कडुनिंबाच्या तेलाने पिकावरची बुरशी आटोक्यात आणायचं पेटंट युरोपने 1994 मध्ये एका अमेरिकी कंपनीला आणि तिथल्या कृषी खात्याला देऊन टाकलं होतं. हे तर भारतात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, असा आक्षेप घेतला गेला. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत 1985-86 च्या उन्हाळ्यांत झालेल्या चाचण्यांचा दाखलाही पुढे आला. 2000 मध्ये पेटंट रद्द झालं, 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आपण पेढे वाटले. तेव्हा पारंपरिक ज्ञानाचा अभिमान परदेशातच बाळगावा, फरिदाबादला जाताना तो घरी ठेवावा.

कायदा काही उगाच आलेला नाही. 1958 साली केरळ आणि मद्रासकडे कीटकनाशक मिसळलं गेलेलं अन्न खाऊन शंभरावर माणसं दगावली, त्यातून तो आला. त्यामुळे नियम कडक आहेत. माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणं आणि त्यावरचा उतारा छापावा लागतो. लेबलावर कोनावर उभा केलेला चौकोन हवा, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात विषारीपणाप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग. आणि 'निरुपद्रवी' हा शब्द? तो तर चुकूनही लिहायचा नाही. नियमच तसा आहे.

एवढं सगळं झेपणार नसेल तर बाजारात जा आणि जाणकारांकडून शिका. टपरीवर डासांच्या अगरबत्तीचा एखादा पुडा उचला. वर कडुनिंबाचा पाला, शेजारी तुळस, मोठ्या अक्षरात 'हर्बल', 'बाळासाठी सुरक्षित'. उत्पादकाचा पत्ता शोधू नका, डोळे दुखतील. अशा कित्येक काड्यांत मेपरफ्लुथ्रिनसारखं नोंदणी नसलेलं रसायन सापडल्याच्या तक्रारी खुद्द कीटकनाशक कंपन्याच करत आल्यात. डास पटापट पडतात, गिऱ्हाईक म्हणतं, बघा आयुर्वेदाची ताकद! तुमच्या तेलाने डास नुसते दूर राहतात, तेही काही वेळच. प्रामाणिक मालाचं हे असंच असतं.

सरकार तुमच्या विरोधात आहे, असं मात्र समजू नका. 5 टक्के निंबोळी अर्काची कृती कृषी खातंच शिकवतं: 5 किलो निंबोळ्या कुटा, रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, साबणाचा चुरा घाला, 100 लिटर पाणी करा. स्वतःच्या शेतात खुशाल फवारा. कलम 38 नुसार स्वतःच्या घरात, परसबागेत नि शेतात वापरणाऱ्याला हा कायदा लागूच होत नाही. अडचण फक्त शेजारणीने पैसे देऊन बाटली मागितली की सुरू होते.

तेव्हा लेबलावर 'सुगंधी अंगतेल' छापा आणि तोंडाने काय सांगायचं ते सांगा. तरीही निरीक्षक दारात आलाच, तर कलम 38 पाठ असू द्या. दोनशे बाटल्या घरच्या वापरासाठी कशा, असं तो विचारेलच. एकत्र कुटुंब आहे म्हणावं.