हेडरेस्ट काच फोडायला नाही, मान वाचवायला दिलेला असतो

पावसाळा लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो. यंदा आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग भिशीच्या, मग माझ्याच विद्यार्थिनींच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: गाडीच्या सीटवरचा हेडरेस्ट काढता येतो तो मुद्दाम. त्याच्या दोन दांड्या टोकदार ठेवलेल्या असतात, म्हणजे गाडी पाण्यात अडकली तर त्यांनी काच फोडून बाहेर पडता येतं. एरवी तो फक्त लांबच्या प्रवासात डोकं टेकायला. गावातल्या गावात चालवताना पार खाली दाबून टाका, मागचं छान दिसतं. त्याखाली आणखी तीन टिपा: सीट स्टिअरिंगच्या जितकी जवळ तितका ताबा जास्त, शेजारच्याला झोप आली तर बेल्ट लावून सीट खुशाल आडवी करा, आणि सीट मागेपुढे करायला गाडी थांबवायची गरज नाही, दांडा हाताशीच असतो. शेवटी "जीव वाचवणारी माहिती, सगळ्यांना पाठवा."

मी नागपुरात गाडी शिकवते, बहुतेक बायकांना. तेरा वर्षं झाली. या मेसेजमधली एक ओळ अर्धी खरी आहे, बाकीच्या ओळी माणसाला जायबंदी करतील अशा आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी काच फोडण्याचं. हा मेसेज आपल्याकडे इतका का चालतो हे मला कळतं. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट कोणी नागपूरकर विसरलेला नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. दारासमोर लावलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. तेव्हापासून आभाळ भरून आलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि असा मेसेज आला की बोट आपोआप 'फॉरवर्ड'वर जातं. भीती खरी आहे. पण तिच्यावर सांगितलेला हा उपाय भरवशाचा नाही.

हेडरेस्ट काढून त्याच्या दांड्यांवरून बोट फिरवून बघा. टोकं गोल आणि गुळगुळीत लागतील. एका दांडीला खाचा असतात. त्यांत खटक्याची पिन बसते आणि उंची पक्की होते. दांडी वरखाली सरकवायची तर ती नळीत सुटीच ठेवावी लागते, म्हणून तो निघतो. सीटला कव्हर चढवताना, मागची सीट घडी करताना, लहान मुलाची वेगळी सीट बसवताना तो काढावाही लागतो. आणि काच फोडण्यासाठीच दिला असता, तर आपल्याकडच्या कितीतरी लहान गाड्यांत पुढच्या सीटचा हेडरेस्ट पाठीसोबत अखंड का असतो? त्या गाड्यांतल्या माणसांनी बाहेर कसं पडायचं?

जपानच्या ऑटोमोबाइल फेडरेशनने हे प्रत्यक्ष तपासलं आहे. हेडरेस्ट, मोबाइल, गाडीची किल्ली, छत्री, नाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी, असं जे जे गाडीत सापडतं त्याने बाजूची काच फोडायचा प्रयत्न केला. कशानेच फुटली नाही. खास सुटकेसाठी बनवलेल्या हातोडीने फुटली. बाजूची काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते; तिच्यावर बोथट वस्तू आपटून काही होत नाही, अगदी बारीक, कठीण टोकाचा मार एकाच ठिकाणी बसावा लागतो.

आता ती अर्धी खरी ओळ. हेडरेस्टची दांडी काच आणि दाराच्या रबराच्या फटीत खोल खोचून पहारीसारखी ओढली तर टफन्ड काच फुटू शकते. प्रात्यक्षिकांत फुटलेलीही आहे. पण मी आमच्या कोरड्या पार्किंगमध्ये बेल्ट लावून बसले आणि मागे हात नेऊन स्वतःच्याच सीटचा हेडरेस्ट काढून पाहिला. आधी खटका सापडेना. सापडला, तर दांड्या पुऱ्या बाहेर यायच्या आतच हेडरेस्ट छताला टेकला. शेवटी सीट मागे झुकवली तेव्हा निघाला. हे सगळं भर उजेडात, गाडी रोज हाताळणाऱ्या माणसाच्या हातून. अंधारात, पाणी कमरेला लागलेलं असताना आणि मागे पोरं रडत असताना ते जमेल, असं मी माझ्या एकाही विद्यार्थिनीला सांगणार नाही.

तिला मी हे सांगते. गाडी पाण्यात गेलीच तर पहिलं मिनिट मोलाचं. बेल्ट सोड, काच खाली कर, मुलांना आधी बाहेर काढ, मग तू नीघ. दाराशी झटापट करत बसू नको. बाहेरचं पाणी दाराला दाबून धरतं. पॉवर विंडो सुरुवातीला थोडा वेळ सहसा चालते, तेवढ्यात काच उतरवायची. ती उतरली नाही तर छोटी हातोडी किंवा स्प्रिंगचा पंच, बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर. समोरच्या काचेवर ताकद घालवायची नाही, ती लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा घालून बनवलेली असते, तडकते पण वाट देत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात. काचेच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, एकदा वाचून ठेवा. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने 2019 मध्ये अशी सहा अवजारं तपासली. त्यातल्या चारांनी टफन्ड काच फोडली, लॅमिनेटेड काच एकानेही नाही. हातोडी डिकीत ठेवून उपयोग नाही, बेल्ट लावलेला असताना हात पोचेल अशीच ठेवा. आणि नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं दिसलं तर गाडी वळवा. पुढची गाडी निघाली म्हणून आपलीही निघेल असं नसतं.

या मेसेजची दुसरी ओळ मात्र मला जास्त लागते, कारण तिची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

माझी मोठी बहीण व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर उभी होती. दिवा लाल, पाय ब्रेकवर. मागून एक पिकअप आली आणि धडकली. फार जोरात नाही. बंपर चेपला, डिकीचं झाकण वाकडं झालं एवढंच. ताई स्वतः गाडी चालवत घरी आली, चहा केला, "काही नाही झालं बाप्पा, गाडीलाच लागलं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून डोकं उचलता येईना. नंतर कित्येक आठवडे गळ्यात पट्टा होता. मागून हाक मारली की ती मान न वळवता पायांपासून सगळीच्या सगळी वळायची. ते वळणं बघून माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तिच्या सीटचा हेडरेस्ट पार खाली होता. भाऊजींनी दाबून ठेवला होता, मागचं दिसावं म्हणून.

मागून धक्का बसतो तेव्हा गाडी पुढे फेकली जाते. सीटची पाठ आपल्या पाठीला पुढे ढकलते. डोक्याला मात्र ढकलणारं मागे काहीच नसतं, ते जिथल्या तिथे राहू बघतं. धड पुढे, डोकं मागे, आणि या दोघांच्या मधे मान. आधी ती इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते, मग मागे फेकली जाते, मग पुढे. डोळ्याची पापणी लवावी इतक्या वेळात हे होतं. मान घट्ट धरू म्हणायलाही सवड नसते. यासाठी हायवेचा वेग लागत नाही, ताशी 15-20 किलोमीटरचा धक्काही पुरतो. म्हणजे "गावातल्या गावात गरज नाही" हे अगदी उलटं आहे. सिग्नलवर मागून धक्का खायची वेळ गावातच जास्त येते.

खाली दाबलेला हेडरेस्ट तर डोक्याला अडवतही नाही. मानेमागे टेकू होतो आणि डोकं त्याच्यावरून मागे मोडतं. ही वस्तू बनवणारे इंजिनिअर तिला हेड रिस्ट्रेंट म्हणतात, म्हणजे डोकं आवरून धरणारी. अमेरिकेत 1 जानेवारी 1969 पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटला ती सक्तीची झाली. 1997 मध्ये साब या स्वीडिश मोटार कंपनीने आपल्या नाइन-फाइव्ह गाडीत असा हेडरेस्ट दिला की मागून धक्का बसताच पाठीच्या दाबाने तो स्वतःच वर आणि पुढे, डोक्याजवळ सरकतो. एवढी वर्षं या लोकांनी डोकं लवकर कसं झेलता येईल यावर घालवली. दांड्यांना धार लावण्यावर नाही.

मग लावायचा कसा? वरची कड डोक्याच्या माथ्याच्या बरोबरीला. उंच माणसाला तेवढा वर येत नसेल तर निदान कानांच्या वर जायलाच हवा. डोक्याची मागची बाजू आणि हेडरेस्ट यांत चार बोटांपेक्षा जास्त फट नको. फट जास्त असेल तर सीटची पाठ थोडी उभी करा, लगेच कमी होते. उंची लावली की वरून दाबून बघा. खाचेत बसला नसेल तर खाली घसरतो.

इथे बायकांसाठी एक वेगळी गोष्ट, जी गाडीच्या पुस्तकात मिळत नाही. अंबाडा किंवा मागे मोठा क्लचर असला की हेडरेस्ट डोक्याला पुढे ढकलतो, मान अवघडते. मग कित्येकजणी तो उलटा फिरवून लावतात किंवा काढून मागच्या सीटवर टाकतात. उलटा लावला की डोक्यामागे भलीमोठी फट पडते, आणि मागे सुटा टाकलेला हेडरेस्ट ब्रेक दाबताच उडून येतो. माझ्या गाडीत बसायच्या आधी क्लचर पर्समध्ये जातो आणि केस मानेशी खाली बांधले जातात. पहिल्या दिवशी पोरी नाक मुरडतात, आठवड्याने सवय होते.

आणि "मागचं दिसत नाही" हे आपल्या स्वतःच्या हेडरेस्टबद्दल खरंच नाही, त्याच्या पुढे आपलंच डोकं असतं. आरशातून बघताना आड येतात ते मागच्या सीटचे. मागे कोणी नसेल तर ते खुशाल खाली करा, माणूस बसला की वर ओढा. मागे बसलेल्या आजीलाही मान आहे.

जवळ बसण्याने ताबा वाढतो, हा समज बुटक्या बायकांमध्ये फार. बॉनेट दिसलं पाहिजे म्हणून त्या स्टिअरिंगला छाती लावून बसतात. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. तिला फुगायला जागा नसेल तर तिचाच मार छातीवर आणि तोंडावर बसतो. छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत निदान 25 सेंटीमीटर अंतर हवं, म्हणजे साधारण एक वीत आणि वर दोन बोटं. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकवून हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. दिसत नसेल तर सीट वर घ्या, पुढे नाही. उंची बदलायची सोय नसेल तर बसायला कडक, न घसरणारी गादी घ्या, आणि ती घेतल्यावर हेडरेस्ट पुन्हा लावा, कारण डोकंही वर गेलेलं असतं.

सीट आडवी करून झोपण्याचा सल्ला समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून जास्तच ऐकू येतो. 701 किलोमीटरचा सरळ रस्ता, शेजारच्याला डुलकी लागणारच. पण सीट आडवी झाली की खांद्याचा पट्टा अंगाला टेकत नाही, हवेत राहतो. गाडी आदळली तर शरीर कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकतं, ओटीपोटाच्या हाडावर बसायचा पट्टा मऊ पोटात रुततो, आणि वरचा पट्टा गळ्याशी येतो. बेल्ट लावलेला असूनही हे होतं. झोप आली असेल तर सीटची पाठ उभीच राहू द्या आणि डोकं हेडरेस्टला टेका. अंग मोकळं करायचंच असेल तर थांब्यावर गाडी उभी करून अर्धा तास झोपा.

राहिली शेवटची टीप, चालत्या गाडीत सीट सरकवण्याची. माझ्या एका विद्यार्थिनीने वर्धा रोडच्या उड्डाणपुलाचा चढ चढताना हे केलं. सीट जरा मागे वाटली म्हणून तिने न सांगता खालचा दांडा ओढला. चढावर सीट पुढे येत नाही, मागे जाते. ती रुळावरून एकदम शेवटपर्यंत मागे गेली आणि तिचा पाय ब्रेकपासून सुटला. तोल सावरायला तिने स्टिअरिंगच धरून ओढलं. माझ्या बाजूला जादाचा ब्रेक होता म्हणून मी गाडी थांबवू शकले. तुमच्या गाडीत तो नसतो. त्या दिवसापासून माझ्याकडे पहिला धडा किल्ली फिरवायच्या आधीच सुरू होतो: गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, आधी सीट, मग पाठ, मग हेडरेस्ट, मग आरसे, शेवटी बेल्ट. सीट सरकवून दांडा सोडला की दोन्ही पाय रोवून कमरेने मागेपुढे जोर द्यायचा. खट् असा आवाज आला आणि सीट हलली नाही, तरच मी तिच्या हातात किल्ली देते.