‘मोबाईल आहे की, मग केंद्र कशाला?’

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. बोलता न येणाऱ्यांना संवादसाधनं बसवून देणारं आमच्याकडचं केंद्र आठवड्यातला एक वार चालतं; तो वार खर्चापायी महिन्यातून एकदाच ठेवायचं घाटतंय. त्यावर मेसेज म्हणतो: ‘बरंच झालं. मोबाईल घरोघरी, ॲप फुकट. चार पोरांसाठी तज्ज्ञ कशाला पोसायचे? यंत्राची सवय लागली की पोरं तोंडच उघडत नाहीत. तो शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग नाही का यंत्रावर बोलला? अगदीच अडलं तर म्हैसूर आहे.’

खानापुरातल्या माझ्या भाच्याला हीच सेवा लागते, म्हणून लिहितोय.

ॲप फुकट मिळतं, हे खरं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो, म्हणजे चित्र दाबलं की त्याचा शब्द बोलणारं ॲप, मराठीतही बोलतं, आणि चांगलं आहे. आम्ही आधी तेच घेतलं. पण भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे, मेंदूतल्या इजेमुळे हातपाय ताब्यात राहत नाहीत. ‘पाणी’कडे हात निघाला की मनगट आत वळतं, पंजा आवळतो आणि वाटेतली तीन चित्रं बोलून मोकळी होतात. चार दिवसांत त्याने फोन ढकलून दिला. आम्ही म्हटलं, पोराला जमत नाही.

मग केंद्रात गेलो. तिथल्या थेरपिस्टबाईंनी पहिला तासभर फोनला हात लावला नाही, नुसतं पोराकडे बघत बसल्या. मग त्याच्या लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट दिला. पाय टेकले तसा खांदा सैल झाला! पडद्यावर भोकं पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी बसवली. आता पंजा टेकला तरी बोट भोकात गेल्याशिवाय काही दाबलं जात नाही. चोवीस चित्रांची आठ केली. यातलं काय ॲपसोबत डाऊनलोड होतं? आणि पोर वाढतं, पाट कमी पडतो, पट्टी सरकते. महिन्याचा एकच वार आणि नेमका त्या दिवशी ताप, की पोर दोन महिने गप्प.

हॉकिंगचं उदाहरण तर मेसेजवाल्यांच्याच अंगाशी येतं. १९८५ मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेने त्यांचा आवाज गेला. आधी ते हाताने बटण दाबायचे. हात चालेना तेव्हा गालाची हालचाल टिपणारा सेन्सर चष्म्याला लागला. तो काही दुकानातून आणून कुणी चिकटवला नव्हता, मागे इंजिनिअर राबत होते.

साधनाने बोलणं खुंटतं, हे साफ चूक. २००६ च्या एका आढाव्यात २७ जणांच्या नोंदी तपासल्या. साधन मिळाल्यावर एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

राहिली ‘चार पोरं’. ब्रिटनमधल्या २०१६ च्या अभ्यासाचा अंदाज आहे, हजारी पाच माणसांना संवादासाठी कसली ना कसली मदत उपयोगी पडेल. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्हा ४७ लाख ७९ हजारांचा. तिकडचं प्रमाण इथे जसंच्या तसं बसणार नाही, पण बसवून पाहिलं तर चोवीस हजारांच्या आसपास जातं. त्यात पक्षाघाताने वाचा गेलेले आले, कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढलेले आले. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही संवादाच्या व्याख्येत असे पर्यायी मार्ग धरलेत.

म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ पासूनची, मोठीच. पण पट्टी सरकली म्हणून बेळगावहून रात्रभर प्रवास करायचा?

शिवाय शब्द कुठले घालायचे, हे घरात डोकावल्याशिवाय कळत नाही. बाई कानडी, आम्ही मराठी. त्यांनी आमच्याकडून एकेक शब्द विचारून घेतला. आमची यादी ठरलेली: आई, पाणी, भूक, शू. त्यांनी हट्टाने सगळ्यात सोप्या कोपऱ्यात ‘नको’ टाकलं. मला ते तेव्हा उगाच वाटलं होतं. त्या रविवारी आईने नेहमीसारखा कुंदा भरवायला घेतला. आठ वर्षं आम्ही समजत होतो, पोराला कुंदा फार आवडतो. त्याने कोपऱ्यातलं चित्र दाबलं, परत दाबलं. आई अजून रुसलेली आहे.