असईला फितुरांचं गाव म्हणणारा तो मेसेज पुढे ढकलू नका

माझी बहीण जालना जिल्ह्यात असईला दिलीय. भाचा संभाजीनगरला होस्टेलवर असतो. परवा रात्री त्याचा फोन, आवाज पार बसलेला, म्हणे मामा, रूमवरची पोरं मला फितुरांच्या गावचा म्हणतात. कारण काय तर तो फॉरवर्ड: "असईच्या गावकऱ्यांनी पैसे खाऊन वेलस्लीला नदीचा उतार दाखवला म्हणून मराठे हरले, शिंदे-भोसल्यांची फौज न लढताच पळाली, फ्रेंच सेनापती पोलमन विकला गेला."

पैसे खाल्ले? कुणी, कधी? असईची ही मराठे-इंग्रज लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. शिंद्यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधे, वेलस्ली केळणेच्या दक्षिणेला. हा वेलस्ली म्हणजे इंग्रजांचा सेनापती, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आणि उतार, म्हणजे नदी ओलांडायची उथळ जागा, कसा सापडला ते त्यानं स्वतःच नंतर सांगून ठेवलंय. सोबतचे वाटाडे ठाम सांगत होते की इथं जवळपास उतार नाही. त्यानं दुर्बीण लावली तर नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळ गावं म्हणजे माणसं ये-जा करत असणारच, एवढ्या अंदाजावर त्यानं फौज घातली. आपल्याकडं नदीकाठी राहिलेल्या कुणालाही हे कळेल, अल्याड-पल्याड गावं असली की मधून गाडीवाट असतेच, चाकोऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या असतात. जिंकलेला माणूस म्हणतो वाटाडे नाही म्हणाले, आणि तुम्ही सव्वादोनशे वर्षांनी गावाला फितूर ठरवता? आणि मुळात उतार केळणेचा, असई जुईच्या काठी. नदीच चुकलीय हो तुमची!

न लढता पळाले म्हणे. इंग्रजांचे ४२८ मेले आणि ११३८ जखमी झाले ते कशानं? असई गावातूनच मातीच्या भिंतींआडून अशी आग ओकली की त्यांच्या ७४व्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले नाहीतर जखमी झाले. आपले गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, काही मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रजांची फळी पुढं सरकल्यावर उठून त्यांनी तोफा मागून डागल्या. हो, घोडदळ फारसं लढलं नाही आणि रघुजी भोसले लवकर मैदान सोडून गेले, हे खरंय, लिहायला जिवावर येतं पण खरंय. त्याचं खापर गावावर का?

पोलमन फ्रेंच नव्हताच, हॅनोव्हरचा जर्मन होता. विकला गेला असता तर इंग्रज समोरून न येता बगलेवर आलेले बघून ऐनवेळी अख्खी फळी वळवून त्यांच्या समोर उभी केली नसती.

भाच्याला म्हटलं हे सगळं रूमच्या ग्रुपवर टाक, आणि दिवाळीत त्या पोरांना घेऊन ये. आधी केळणेवर नेतो, मग असईला जुईवर. मधलं अंतर चालतच जायचं.