सदाफुलीचं श्रेय आणि असीमा चटर्जी

दर सप्टेंबरात, रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जींच्या जयंतीच्या आसपास, तोच मेसेज फिरतो: विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, सदाफुलीतून कॅन्सरचं औषध त्यांनीच शोधलं, श्रेय गोऱ्यांनी लाटलं, देशाने विचारलं नाही. आणि जाता जाता, रोज सदाफुलीची चार पानं चावा.

पहिल्या, पण कशात? १९४४ साली त्यांना कलकत्ता विद्यापीठाची डी.एस्सी., म्हणजे विज्ञानातली डॉक्टरेट, मिळाली. भारतीय विद्यापीठाची ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. जानकी अम्मल यांनी मिशिगनहून १९३१ सालीच डॉक्टरेट मिळवली होती, आणि आपल्या कमला सोहोनी १९३९ मध्ये केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या.

आता सदाफुली. जमैकात लोक मधुमेहावर हिच्या पानांचा काढा घेत, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो अर्क उंदरांवर तपासला. साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती आलं. व्हिनक्रिस्टिन हे तसंच दुसरं औषध पुढे अमेरिकेतल्या एली लिली कंपनीत वेगळं केलं गेलं. यात चोरी कुठे आहे?

असीमाबाईंनी सदाफुलीच्या कुळातल्या अल्कलॉइडांवर, म्हणजे वनस्पतींतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांवर, वर्षानुवर्षं काम केलं, ते खरंच. पण त्यांचा हातखंडा वेगळा. सर्पगंधेच्या जातकुळीतल्या झाडांची मुळं, साली घ्यायच्या, अर्क काढायचा, शुद्ध स्फटिक मिळवायचे आणि मग रेणूतला कुठला अणू कुठल्या बाजूला वळलाय ते ठरवायचं. आजच्यासारखी यंत्रं तेव्हा कुठली? रेणू तोडायचा, तुकडे ओळखायचे, पुन्हा जुळवायचे. अपस्मारावरचं आयुष-५६ हे औषध त्यांच्याच संशोधनातून आलं. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नसतो, याचाच मला जास्त राग येतो.

देशाने विचारलं नाही? १९६१ चं भटनागर पारितोषिक, १९६२ पासून वीस वर्षं कलकत्ता विद्यापीठातलं मानाचं खैरा प्राध्यापकपद, १९७५ मध्ये पद्मभूषण, सायन्स काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष, नंतर राज्यसभा. आणखी काय हवं होतं?

राहिली ती चार पानं. ग्रॅमभर व्हिनक्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि ते शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. तरीही बोटं बधिर होतात. कुंडीतल्या पानात कुठला घटक किती आहे, हे चावणाऱ्याला कसं कळणार?