एमआरआयमध्ये डिप्रेशन दिसतं म्हणे!

‘डिप्रेशन आता एमआरआयमध्ये स्पष्ट दिसतं. फोटोतले लाल पट्टे बघा, मेंदूच्या तारा कुजल्यात, त्या पुन्हा कधीच सांधत नाहीत. म्हाताऱ्यांच्या स्कॅनमधले पांढरे ठिपके म्हणजेही डिप्रेशनच. आणि स्कॅन नॉर्मल असेल तर आजार नाही, नाटक आहे.’ हा फॉरवर्ड बरेच दिवस फिरतोय आणि मी सोडून देत होते. परवा तो घरच्या ग्रुपवर आला. माझ्या आतेबहिणीच्या गोळ्या चालू आहेत, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. तरी खाली कुणीतरी तिला विचारलंच, ‘तुझा एमआरआय तर नॉर्मल होता ना?’

आधी ते लाल पट्टे. तो मुळात फोटो नाहीच, डीटीआय नावाच्या तपासणीतून संगणकाने काढलेला नकाशा आहे. मेंदूतल्या व्हाइट मॅटरमध्ये, म्हणजे मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाळ्यात, पाण्याचे रेणू तंतूंच्या आडवे कमी आणि लांबीच्या दिशेने जास्त सरकतात. त्यावरून तंतू कुठल्या दिशेने गेलेत याचा अंदाज बांधतात आणि दिशेप्रमाणे रंग देतात: डावी-उजवीकडे जाणारे लाल, पुढे-मागे जाणारे हिरवे, वर-खाली जाणारे निळे. मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा जाड पट्टा आडवा जातो, म्हणून तो लाल. ठणठणीत माणसाच्या डोक्यातही लालच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्यासुद्धा.

आता ‘नाटक’. नेहमीचा एमआरआय गाठ, स्ट्रोक असलं काही नाही ना, हे बघायला काढतात. तो नॉर्मल आला म्हणजे तसलं काही सापडलं नाही, बस्स. डिप्रेशनचं निदान डॉक्टर बोलून, लक्षणं आणि त्यांचा कालावधी विचारून करतात.

दाव्यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. 2020 मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने 1305 रुग्ण आणि 1602 निरोगी लोकांचे डीटीआय स्कॅन एकत्र तपासले. प्रौढ रुग्णांमध्ये 25 पैकी 16 तंतुमार्गांत, पाणी कितपत एकाच दिशेने सरकतं हे सांगणाऱ्या आकड्यात, फरक सापडला. पण केवढा? सगळ्यात मोठा फरक धरून एक रुग्ण आणि एक निरोगी अशा 100 जोड्या लावल्या, तर रुग्णाचा आकडा कमी निघेल अशा जोड्या ढोबळमानाने 57. नाणं उडवलं तरी 50 येतात! हा फरक हजारोंच्या सरासरीत दिसतो. त्यावरून एकट्या माणसाला ‘तू आजारी, तू नाटकी’ कुठल्या तोंडाने सांगणार? त्याच अभ्यासात किशोरवयीन रुग्णांमध्ये तर ठोस फरक निघालाच नाही.

‘कुजणं’ कुणाच्या डोक्यातून आलं, देव जाणे. हा आकडा तंतूंवरचं मायलिनचं वेष्टन बदललं तरी हलतो, तंतू एकमेकांना छेदत असले तरी हलतो, आणि स्कॅन चालू असताना डोकं हललं तरी हलतो. शिवाय फरक आजारामुळे आला की आधीपासून होता, हे एकदाच काढलेल्या स्कॅनवरून कळत नाही. आणि ‘कधीच नाही’? 2009 च्या एका अभ्यासात 6 आठवडे चेंडू झेलण्याची कसरत शिकलेल्या निरोगी लोकांच्या व्हाइट मॅटरमध्ये हाच आकडा वाढलेला दिसला. म्हणजे ते दगडावर कोरलेलं नाही.

राहिले पांढरे ठिपके. उतारवयातल्या डिप्रेशनशी त्यांचा संबंध आढळलाय, हे खरं. पण डिप्रेशन नसलेल्या कितीतरी वयस्कांमध्येही ते असतात. वय आणि रक्तदाब ही त्यांची नेहमीची कारणं. रिपोर्टमध्ये ते आले तर आधी बीपी मोजून घ्या.