पगार कळवावा, सांगू नये

मित्राला त्याचा पगार विचारणं हा असभ्यपणा आहे. म्हणून तो विचारू नये, काढून घ्यावा. फ्लॅटचा हप्ता किती बसतो, गाडी रोखीने घेतलीस की लोनवर, मुलगी कुठल्या शाळेत, तिथली फी वर्षाची की सहामाहीची, हे सगळे प्रश्न आपल्याकडे आपुलकीत मोडतात. घरी येऊन त्यांची बेरीज करायला कोणाची मनाई नाही. बँक सहसा निम्म्या पगारापेक्षा जास्त हप्ता मंजूर करत नाही, तेव्हा हप्ता दुप्पट केला की किमान आकडा हाती येतो. बायकोने विचारलं, "काय म्हणतो तुझा मित्र?" तर सांगायचं, "एक-दहा तरी असेल."

स्वतःचा आकडा पोचवण्याची रीत वेगळी. तो तक्रारीतून पोचवावा. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही अशी घोषणा झाली. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत. त्या संध्याकाळी जे जाणते होते त्यांनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "आपल्याला काय उपयोग त्याचा!" बस्स. ज्याला समजायचं त्याला समजलं. याहून वरच्या पायरीवरचे लोक सरचार्जच्या नावाने बोटं मोडतात. सरचार्ज म्हणजे करावरचा जादा कर, तो ५० लाखांच्या उत्पन्नापुढे लागतो, त्यामुळे "या सरचार्जने वाट लावली रे" हे वाक्य पगाराची स्लिप फ्रेम करून हॉलमध्ये लावण्याइतकंच परिणामकारक आहे, शिवाय सहानुभूतीही मिळते. उलट "यंदा माझा टॅक्स शून्य झाला" असं आनंदाने सांगणारा भोळा माणूस एका वाक्यात स्वतःची पत घालवून बसतो. व्यवसाय कराबद्दल कोणी कुरकुर करताना ऐकलंय तुम्ही? महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. साहेबही तेवढाच भरतो आणि कारकूनही. त्यात मिरवण्यासारखं काही नाही, म्हणून त्याचा त्रासही कोणाला होत नाही.

आता आकड्याबद्दल. हिंजवडीच्या तिन्ही फेजमध्ये पगार नावाची वस्तू केव्हाच मिळेनाशी झाली आहे, मिळतं ते पॅकेज. आपलं पॅकेज सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनीला आपण वर्षाला एकूण जेवढ्याला पडतो त्या आकड्यात सांगावं आणि दुसऱ्याचं इन-हँडमध्ये, म्हणजे खात्यावर पडणाऱ्या रकमेत काढून घ्यावं. नवशिक्यांसाठी हिशोब एकदा मांडतो. समजा ऑफर लेटरवर १८ लाख आहेत. ऐकणारा मनातल्या मनात बाराने भागतो आणि दीड लाख महिना धरतो. धरू द्या. त्यातले १ लाख ८० हजार व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं, मॅनेजरचं आणि तुमच्या ग्रहांचं एकाच वेळी जमलं तर. बेसिक निम्मं असेल तर त्यावर १२ टक्के कंपनीचा पीएफ, १ लाख ८ हजार. तो तुमचाच, पण आत्ता नाही. मग ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, ४३ हजार. ती पाच वर्षं टिकलात तर. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ताही तुमच्याच पॅकेजात बसवलेला. उरलं त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ, आयकर आणि तो बिचारा व्यवसाय कर. नव्या कररचनेत खात्यावर पडतात महिन्याला एक लाख चार-पाच हजार. दीड लाख आणि एक लाख चार यांच्यामध्ये जी मोकळी जागा राहते, तिथेच आपली सगळी प्रतिष्ठा वसतीला आहे. तिथे कोणाला डोकावू देऊ नका. कोणी थेट "इन-हँड किती?" असं विचारलंच तर "डिपेंड्स" म्हणावं आणि बिस्किट चहात बुडवावं. जॉइनिंग बोनस आयुष्यात एकदाच मिळालेला असला तरी पॅकेजमध्ये तो कायमचा धरावा. चार वर्षांत मिळणारे शेअर्स याच वर्षी मोजावेत. आणि "लाख" हा शब्द उच्चारू नये. "बावीसवर स्विच मारला" असं म्हणावं. बावीस काय, असं विचारणारा आपल्या बैठकीतला नव्हे.

या सगळ्याची खरी परीक्षा दहावीच्या बॅचच्या गेट-टुगेदरला होते. चाळिशी ओलांडलेली, पोटं सुटलेली, एका बाकावर डबे खाल्लेली माणसं एका रिसॉर्टच्या हिरवळीवर जमतात आणि कोणाशी किती वेळ बोलायचं हे ठरवायला त्यांना आकडे लागतात. सरकारी नोकरीतल्या मित्राला पगार विचारण्यात काही मजा नाही. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता इंटरनेटवर पडलेला आहे, महागाई भत्ता वाढला की पेपरात बातमी येते. त्याचा वेतनस्तर एस-१५ की एस-२० एवढं कळलं की पुढचं गणित सातवीतला मुलगा करेल. त्याला एकच विचारावं, "तू १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलास की नंतर?" आधी लागला असेल तर त्याला जुनी पेन्शन आहे. मग तो कितीही साध्या चपला घालून आलेला असो, त्याच्या शेजारची खुर्ची पकडा. तक्त्यात न बसणाऱ्या रकमेबद्दल मात्र अवाक्षर काढू नये. गावी बांधलेल्या बंगल्याचं कौतुक करताना "सासऱ्यांनी हात दिला असेल ना?" असं आपणच सुचवावं. त्यालाही सोपं जातं.

धंद्यातला मित्र "मंदी आहे रे" म्हणेल. नव्या गाडीची काच खाली करून म्हणेल. विश्वास ठेवा; त्याच्या सीएने आयकर खात्यालाही हेच कळवलेलं आहे. डॉक्टर मित्राला काहीच विचारू नये, तो आपल्याला फुकट तपासतो.

शेतकरी मित्र भेटला की "तुमचं बरंय बुवा, टॅक्स नाही" हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत म्हणून घ्यावं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे आपल्याला माहीत आहे, आणि माहिती असावी तर ती अशीच. त्याच्या कांद्याला यंदा काय भाव लागला, ट्रॅक्टरभर माल बाजार समितीत नेऊन भाडं तरी निघालं का, हे विचारू नका. उत्तर लांबतं आणि तोवर स्टार्टर थंड होतात.

तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणारा एक मित्र प्रत्येक बॅचमध्ये असतो. नेट झालेला, पीएचडी केलेला, तासाच्या हिशोबाने पैसे मिळणारा, आणि तेही मार्चचे दिवाळीला. त्याला सगळ्यांनी "सर" म्हणावं. "सर, तुमचं काम फार मोठं आहे, समाजाला तुमच्यासारख्यांची गरज आहे." या वाक्याला जीएसटी लागत नाही. आणि मग बिल आलं की टीटीएमएम करावं. टीटीएमएम म्हणजे तुझं तू माझं मी, अशी आमची समजूत होती. पण गेट-टुगेदरमध्ये त्याचा अर्थ एकूण बिल भागिले डोकी असा होतो. पन्नास लाखवाल्याची कोळंबी आणि सरांचा मसाला पापड यांचा एकच भागाकार. सर यूपीआय करताना जरा रेंज नसल्याचं सांगतात. तेव्हा सगळ्यांनी मोठ्या मनाने दुसरीकडे बघावं.

अमेरिकेतला मित्र सुट्टीवर आला असेल तर त्याला "तिकडे खर्चही तेवढाच असतो रे" असं म्हणू द्यावं. हे वाक्य म्हणायला तो चोवीस तास प्रवास करून आलेला असतो. आपण मात्र त्याचे डॉलर इथल्या रुपयांत आणि त्याचं घरभाडं तिथल्या डॉलरमध्येच ठेवावं, म्हणजे त्याचं उत्पन्न पाहिजे तेवढं मोठं दिसतं आणि खर्च चिल्लर वाटतो. तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर त्याहून सोपं. व्हिसासाठी कंपनी जो अर्ज करते त्यात पदनिहाय पगार लिहावा लागतो आणि तो तपशील तिथलं कामगार खातं जाहीर करतं. त्याच्या कंपनीत त्याच्या पदाला काय देतात हे त्याच्या आईला माहीत नसेल, पण बॅचमधल्या तिघांना असतं.

मैत्रिणींना पगार विचारायचा नाही. "मिस्टरांचं पॅकेज काय?" असं विचारायचं. ती स्वतः एखाद्या बँकेची विभागप्रमुख असली तरी.

जगात काही लोक अजून या बाबतीत मागासलेले आहेत. नॉर्वेमध्ये नागरिकांचं करपात्र उत्पन्न सरकारच उघड करतं. कोणीही कोणाचंही पाहू शकतं. २०१४ पासून फक्त एक बदल झाला. तुम्ही कोणाचं उत्पन्न पाहिलं तर त्याला तुमचं नाव कळतं. त्याबरोबर पाहणाऱ्यांची संख्या धाडकन खाली आली. आपल्याकडे ती सोय आली असती तर काही फरक पडला नसता. आपण भाच्याच्या लॉगिनने बघितलं असतं.

मित्रांचं झालं, आता ऑफिस. बाजूच्या टेबलावर बसणाऱ्या, तुमच्याच हुद्द्यावरच्या, तुमच्याच टीममधल्या माणसाशी पगाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ऑफर लेटरच्या तळाशी तशी ओळच असते, "ही माहिती गोपनीय आहे". अमेरिकेत १९३५ च्या कामगार कायद्याने खासगी नोकरीतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना आपसात पगाराबद्दल बोलायचा हक्क दिला. हक्क द्यावा लागला, कारण तिथे मालक तोंड बंद करत होते. आपल्याकडे तशी वेळ आलीच नाही. आपण आपणहून गप्प बसलो, तेही संस्कार म्हणून. स्त्री-पुरुषांना सारख्या कामाला सारखा मोबदला मिळावा असा कायदा आपण १९७६ सालीच केला; आता तो वेतन संहितेत सामावला आहे. तो पाळला जातो की नाही हे समजायला एका बाईने आणि एका पुरुषाने एकमेकांना आकडा सांगावा लागेल. आणि हे तर आपण पहिल्याच वाक्यात ठरवलं, की तो असभ्यपणा आहे.

गोपनीयतेचे अर्थात प्रकार असतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संचालकांचा पगार वार्षिक अहवालात छापावा लागतो. तो कंपनीतल्या मध्यम पगाराच्या किती पट आहे हेसुद्धा. म्हणजे मोठ्या साहेबांचा पगार कोल्हापुरात बसलेल्या, दहा शेअर घेतलेल्या निवृत्त मास्तरांना ठाऊक असतो. गुप्त असतो तो तुमच्या शेजाऱ्याचा. तसंच, नोकरी बदलताना ज्या एचआर मॅडमचं नाव तुम्हाला सकाळी फोनवर पहिल्यांदा कळलं, त्यांना दुपारपर्यंत मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६ आणि बँकेचं स्टेटमेंट मेल करावं. लगेच करावं, उशीर झाला तर वाईट दिसतं. बारा वर्षं एका डब्यात जेवणाऱ्या मित्राला त्यातला एक कागद दाखवणं मात्र गैर. मॅडमना तुमचा जुना आकडा कळला की त्यावर ३० टक्के चढवून त्या तुमची किंमत ठरवतात. मित्राला कळला तर तो त्याचा आकडा सांगेल, आणि मग तुमची किंमत तुम्हालाच कळायची. ते टाळलेलं बरं.

याच पाळलेल्या शांततेत एक सुंदर प्रथा वाढली आहे. तुम्ही आठ वर्षं एका कंपनीत काढता, दरवर्षी सात-आठ टक्के वाढ घेता, आणि एक दिवस बाहेरून नवा मुलगा येतो. तुमच्याहून अनुभवाने लहान, पगाराने मोठा, कारण त्याला बाजारभावाने आणलेला असतो. त्याला काम शिकवायची जबाबदारी तुमच्यावर येते. ती आनंदाने स्वीकारा. अप्रेझलच्या वेळी मॅनेजर "यंदा बजेट टाइट आहे" असं म्हणेल, तेव्हा ते बजेट ज्याच्यावर खर्च झालं त्यालाच तुम्ही रोज सकाळी डेस्कशेजारी बसवून शिकवत असता. पण तुम्हाला ते माहीत नसतं, आणि तेच सभ्यतेला धरून आहे.

एवढी सगळी काळजी घेऊनही एखादा अडाणी भेटतोच. टपरीवर कटिंग घेताना, काही कारण नसताना, तो सरळ बोलून जातो, "मला सव्वा लाख येतात हातात. तुला किती देतात रे?" घाबरू नका. मोबाईल कानाला लावून "हां, बोला सर" म्हणत चार पावलं बाजूला जा. आकड्यावर विश्वास ठेवू नका, खरं सांगणारा माणूस नक्कीच काहीतरी लपवत असतो. इतरांना सांगताना त्यात पंधरा हजार मिळवून सांगा. आणि तो आकडा तुमच्यापेक्षा मोठा निघाला, रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी तुम्ही एचआरकडे गेलातच, तर तिथे पहिला प्रश्न येईल तो तुमच्या पगाराबद्दलचा नसेल. मॅडम विचारतील, "तुम्हाला हे सांगितलं कोणी?" तेव्हा उगाच आढेवेढे घेऊ नका. त्याचं नाव सांगून टाका. गोपनीयतेचा भंग त्याने केला आहे, तुम्ही फक्त चहा पीत होता.